हजार प्रती छापण्याआधी

पेण-रोह्याकडे लिहू पाहणारी माणसे कमी नाहीत आणि त्यांतली बरीचशी कथा-कवितेकडे वळणारी नाहीत. महाविद्यालयात शिकवणाऱ्याला आपला पीएच.डी.चा प्रबंध पुस्तकरूपाने यावा असे वाटते. धाटावच्या रासायनिक कारखान्यातून निवृत्त झालेल्या ऑपरेटरला बॉयलरची आपली समज नव्या पोरांपर्यंत पोचवायची असते. हमरापूर-जोह्याच्या एखाद्या मूर्तिकाराला शाडूकामाची रीत लिहून ठेवावीशी वाटते. हस्तलिखित पुरे होत आले की सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: किती प्रती छापायच्या? छापखान्यातून सवयीने उत्तर येते, हजार. हजारात प्रतीमागचा खर्च कमी पडतो हे खरेच आहे. पण न खपलेली प्रत कितीही स्वस्तात छापली तरी महागच पडते. म्हणून छापखान्यात जाण्याआधी थोडा हिशेब करा.

शैक्षणिक आणि तांत्रिक पुस्तक कोणी दुकानात चाळून, मुखपृष्ठ आवडले म्हणून घेत नाही. परीक्षा असते, काम अडलेले असते किंवा संशोधनासाठी संदर्भ लागतो, तेव्हाच ते घेतले जाते. ही गरज कोणाला आहे हे शोधता येते, ती माणसे मोजता येतात. कादंबरीकाराला ही सोय नाही, तुम्हाला आहे, आणि तिचा उपयोग न करणे हीच या व्यवसायातली सर्वांत महागडी हयगय आहे असे माझे मत आहे.

मराठीत आधी गिऱ्हाईक पाहून पुस्तक काढण्याची ही रीत जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकात गणित, पदार्थविज्ञान, इतिहास अशा विषयांवरची मराठी पुस्तके उभी राहिली ती शिक्षण खाते आणि दक्षिणा प्राइज कमिटी यांच्या आधारावर. खुल्या बाजारात त्या पुस्तकांना गिऱ्हाईक नव्हते, संस्था हेच गिऱ्हाईक होते. पुढे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशाचे २३ खंड काढले, तेव्हा आधी कंपनी उभारली आणि वर्गणीदार जमवले. छापून मग वाचक शोधण्याच्या भरीस ते पडले नाहीत. एवढ्या मोठ्या कामाला जे लागू पडले ते तुमच्या १६० पानांना लागू पडणार नाही असे मानण्याचे कारण नाही.

आपल्या भागातली एक-दोन मोठी नावे इथे आठवतील, पण त्यांवरून अंदाज बांधू नका. पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांची ‘गीताई’ लाखोंनी खपली, पण ती घरोघरी रोज म्हटली जाते. तुमचे पुस्तक रोज म्हणायचे नाही, लागेल तेव्हा काढून बघायचे आहे. रोह्यात बालपण गेलेल्या चिंतामणराव देशमुखांकडून मात्र एक गोष्ट घेण्यासारखी आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री राहिलेले देशमुख १९५७ साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टचे मानद अध्यक्ष होते. चांगले पुस्तक सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत मिळावे यासाठी सरकारने काढलेली ही संस्था. पैशाचा व्यवहार ज्यांना पुरता कळत होता अशा माणसाने तिची धुरा घेतली होती. किंमत हा पुस्तकाचा नंतरचा विचार नाही, तो लिहितानाच करायचा असतो.

परीक्षेच्या पुस्तकांबद्दल थोडक्यातच सांगतो. अभ्यासक्रमाला लागलेले पुस्तक खपते आणि अभ्यासक्रम बदलला की त्याच जूनमध्ये थांबते. पदविकेचे विद्यार्थी पुस्तकाला लेखकाच्या नावाने ओळखत नाहीत, अभ्यासक्रमाच्या ‘आय स्कीम’चे की ‘के स्कीम’चे एवढेच विचारतात. या बाजारात निरालीसारखे पुण्याचे प्रकाशक वर्षानुवर्षे बसलेले आहेत. नवी योजना जाहीर झाल्यावर थोड्याच दिवसांत त्यांची पुस्तके अप्पा बळवंत चौकात आणि तिथून सगळ्या महाराष्ट्रात पोचतात. पेणमध्ये बसून स्वतः छापून त्यांच्याशी स्पर्धा करू नका. शिकवण्याची हातोटी असेल तर त्यांच्यासाठी लिहा. तंत्रनिकेतनांत मराठी-इंग्रजी द्विभाषिक शिक्षणाचा पर्याय आल्यापासून सोप्या मराठीत यंत्र आणि वीज समजावणाऱ्या लेखकाला काम मिळू शकते. मात्र अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या ‘ई-कुंभ’ संकेतस्थळावर तांत्रिक पुस्तके भारतीय भाषांत फुकट उतरवून घेता येतात, हेही लक्षात ठेवा. जे फुकट मिळते तेच पुन्हा लिहून विकता येणार नाही.

आता प्रबंध. प्रबंध जसाच्या तसा छापू नये, हे मी कळकळीने सांगतो. विद्यापीठाकडे सादर झालेले प्रबंध ‘शोधगंगा’वर चढवले जातात आणि ते कोणालाही वाचता येतात. म्हणजे तुमचा मजकूर आधीच जगापुढे फुकट असतो. त्यावर कडक मुखपृष्ठ चढवून ६०० रुपये किंमत लावली, तर विकत घेणार कोण? इंग्रजीतही नामांकित विद्यापीठांच्या छापखान्यांतून निघणारे संशोधनग्रंथ आज काही शेकड्यांतच खपतात, तेही मुख्यतः ग्रंथालयांना. मराठीत प्रबंधाचे पुस्तक शंभर-दीडशे खरे वाचक गाठू शकले तरी ते यशस्वी समजावे.

पण प्रबंधातून पुस्तक काढता येते. पूर्वाभ्यासाचे प्रकरण, गृहीतके, तक्त्यांचे ढीग काढून टाका. जे तुम्ही स्वतः जाऊन पाहिले, ऐकले, मोजले तेवढे ठेवा. समजा तुमचा विषय आहे चरीचा शेतकरी संप. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा-सात वर्षे चाललेला हा खोतीविरुद्धचा लढा. त्यावरचा प्रबंध परीक्षकांपुरता असतो. पण ज्या गावांनी संप केला तिथल्या घरांतून गोळा केलेल्या हकिकती, कुळकायद्यापर्यंतचा प्रवास, जमिनीची कागदपत्रे हे सारे नीट सांगितले, तर अलिबाग-पेणच्या प्रत्येक गावात त्याला वाचक आहे, कारण त्यात त्याच्या आजोबांची गोष्ट आहे. खारभूमी, मिठागरे, आगरी बोली, कुंडलिकेच्या काठची कारखानदारी यांवरचे काम असेच उलगडता येईल.

प्राध्यापकांना आणखी एक मोह असतो, बढतीत मोजल्या जाणाऱ्या गुणांचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत राष्ट्रीय पातळीवरच्या प्रकाशकाने काढलेल्या पुस्तकाला १० गुण आहेत, आंतरराष्ट्रीयला १२ आणि अनुवादित पुस्तकाला ८. त्यापोटी पैसे घेऊन आयएसबीएन लावून पन्नास प्रती काढून देणारे दुकानदार तयार झाले आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका. अशी पुस्तके कपाटातून बाहेर पडत नाहीत, आणि पुढे खरे पुस्तक लिहिलेत तरी वाचक त्याकडे त्याच नजरेने पाहतो. आयएसबीएन तर केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून अर्ज करून मोफत मिळतो. लेखक स्वतः प्रकाशक असला तरीही मिळतो. त्या क्रमांकाचे पैसे कोणी मागत असेल तर तिथून उठून या.

माझा खरा जीव आहे तो तिसऱ्या प्रकारात: हातात काम असलेल्या माणसासाठी लिहिलेले पुस्तक. पेण आणि रोहा या दोन्ही गावांकडे असे ज्ञान भरलेले आहे आणि ते कागदावर फारच थोडे आले आहे.

पेणचे घ्या. शहरात आणि हमरापूर, जोहे, कळवे या गावांत मिळून गणपतीचे शेकडो कारखाने आहेत, वर्षाला लाखो मूर्ती इथून बाहेर जातात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांपासून पीओपीच्या (प्लास्टर ऑफ पॅरिसच्या) मूर्तींवरील बंदीचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला, आणि पीओपीवर वाढलेल्या पिढीला शाडू पुन्हा शिकावा लागत आहे. माती किती मळायची, सुकताना तडा का जातो, उंच मूर्तीला आतून आधार कसा द्यायचा, पावसाळ्यात रंग कसा धरायचा, डोळ्यांची आखणी कशी करायची, वाहतुकीत मूर्ती कशी बांधायची, कारखान्याचा हिशेब कसा ठेवायचा. हे सगळे आज पाहून-पाहून शिकले जाते. छायाचित्रांसह १२० पानांचे पुस्तक निघाले तर पहिला वाचक पेणचा कारखानदार असेलच असे नाही, त्याला बरेच येते. वाचक असेल पेणहून कच्ची मूर्ती नेऊन आपल्या गावी रंगवणारा, शाळेत शाडूची कार्यशाळा घेणारा कलाशिक्षक, आणि परदेशात घरच्या घरी मूर्ती करू पाहणारे मराठी कुटुंब. आपला वाचक आपल्या शेजारीच असतो असे धरून चालले की अंदाज चुकतो तो असा.

रोह्याचे घ्या. धाटाव औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत पाळीवर काम करणारा मुलगा आयटीआय करून येतो. यंत्रावरच्या सूचना इंग्रजीत, सुरक्षेचे फलक अर्धे इंग्रजीत. बॉयलर अटेंडंटच्या प्रमाणपत्रासाठी तोंडी परीक्षा द्यावी लागते. पाण्याची पातळी खाली गेली तर आधी काय करायचे, सेफ्टी व्हॉल्व्ह का उडतो, सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या ईटीपीमधला वायुवीजनाचा पंप बंद पडला तर काही तासांत काय घडते, हे त्याला त्याच्या भाषेत सांगणारे पुस्तक हवे. कामगार ज्याला व्हॉल्व्ह म्हणतो त्याला पुस्तकात व्हॉल्व्हच म्हणा. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश जवळ ठेवा, पण ज्याच्यासाठी लिहिता त्याला अर्थ विचारत फिरावे लागेल असा शब्द घेऊ नका. अशा पुस्तकाला दरवर्षी नवा वाचक मिळतो, कारण दरवर्षी नवा मुलगा कामावर लागतो. एखाद्या कारखान्याच्या सुरक्षा विभागाने प्रशिक्षणासाठी चाळीस प्रती एकदम घेतल्या तर ती विक्री चाळीस दुकानांपेक्षा मोलाची.

अशा पुस्तकांचे आयुष्य किती असू शकते याचा दाखला जवळच आहे. अलिबाग तालुक्यातल्या किहीमला सलीम अलींनी १९३० साली सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. १९४१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने त्यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ काढले. विषय शास्त्रीय, पण पुस्तक रानात हातात धरून वापरता येईल असे, पक्ष्यागणिक चित्र आणि नेमके वर्णन असलेले. आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या आणि प्रत्येक वेळी त्यात सुधारणा होत गेल्या. मराठीत डॉ. वामन गणेश देसाई यांचा १९२७चा ‘औषधीसंग्रह’ आजही वैद्यांच्या टेबलावर दिसतो. ही पुस्तके एका वर्षात धडाक्याने संपली म्हणून मोठी झाली नाहीत. ती दरवर्षी थोडीथोडी लागत राहिली.

तर मग मोजायचे कसे? एक वही घ्या आणि नावे लिहा. ‘अभियांत्रिकीचे विद्यार्थी’ असा गठ्ठा लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही. माणसांची, महाविद्यालयांची, कारखान्यांची, ग्रंथालयांची नावे लिहा. रायगडातली मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये, लोणेऱ्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, तालुक्यातल्या आयटीआय, पेणचे महात्मा गांधी वाचनालय, रोह्याचे भाटे वाचनालय, विषयाशी संबंधित संघटना, व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्यावसायिक गट. प्रत्येकाला फोन करा आणि ‘पुस्तक काढले तर घ्याल का’ असे विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. नमुन्याचे एक प्रकरण पाठवा, प्रकाशनपूर्व सवलतीची किंमत सांगा आणि पैसे भरून नोंदणी करायला सांगा. जितक्यांचे पैसे आले ती तुमची पक्की संख्या. तिच्या दुप्पट-अडीचपट छापा, त्यापुढे जाऊ नका. चाळीस नोंदण्या आल्या तर शंभर प्रती. आज डिजिटल छपाईत शंभर प्रतीही निघतात, आणि संपल्या की पुन्हा पन्नास काढता येतात. एकही नोंदणी आली नाही तर पुस्तक वाईट आहे असे नाही. वाचक चुकला आहे किंवा किंमत, एवढे समजावे आणि फेरविचार करावा.

हिशेबाचे एक उदाहरण मांडतो. आकडे समजण्यापुरते आहेत, दरपत्रक तुम्ही दोन-तीन ठिकाणांहून घ्यालच. समजा १६० पाने, ३०० प्रती, प्रतीला छपाई-बांधणी ८० रुपये, म्हणजे २४ हजार. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, चित्रे, मुखपृष्ठ यांचे २० हजार. एकूण ४४ हजार. किंमत ठेवली २५०. दुकानदार किंवा वितरकाला ४० टक्के द्यावे लागले तर हातात १५० राहतात, स्वतः विकलेत तर पूर्ण २५०. शंभर प्रती स्वतः विकल्या, २५ हजार आले. उरलेले १९ हजार दुकानांतून मिळवायला १२७ प्रती जायला हव्यात. म्हणजे २२७ प्रतींनंतर पहिला रुपया तुमचा. तीच पुस्तके सगळी दुकानांतूनच विकायची ठरवली तर २९४ प्रती जाईपर्यंत तुम्ही तोट्यात. थेट विक्रीला कमी लेखू नका, असे मी सारखे सांगतो ते यासाठी. प्रकाशकाकडे दिलेत आणि १० टक्के मानधन ठरले, तर सगळ्या तीनशे प्रती खपल्या तरी साडेसात हजार रुपये मिळतील. या पैशावर घर चालणार नाही. पण तुमच्या खिशातलेही काही जाणार नाही, आणि वितरणाची दगदग वाचेल. दोन्ही वाटा प्रामाणिक आहेत, आपल्या स्वभावाप्रमाणे निवडा.

मुद्रितशोधनाचे पैसे वाचवू नका. कादंबरीतली चूक वाचक सोडून देतो. दाबाच्या आकड्यातले दशांशचिन्ह सरकले तर माणूस जखमी होऊ शकतो.

किंमत ठरवताना झेरॉक्सचे दुकान डोळ्यांपुढे ठेवा. दिल्ली विद्यापीठाजवळच्या झेरॉक्स दुकानाविरुद्ध मोठे परदेशी प्रकाशक न्यायालयात गेले, आणि २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिकवण्यासाठी पुस्तकांचे भाग काढून देण्याच्या बाजूने निकाल दिला. विद्यार्थ्यांशी भांडून खप वाढत नाही. १६० पानांची प्रत काढून बांधून घ्यायला जेवढे लागतात त्याच्या आसपास छापील पुस्तक मिळाले, तर मुलगा पुस्तकच घेतो. दुप्पट किंमत लावलीत तर वर्गात एक प्रत येते आणि बाकीच्या झेरॉक्स निघतात. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, तेवढा भार तरी किमतीत येत नाही.

प्रकाशकाशी करार करताना भिडेखातर सही करू नका. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क किती वर्षांसाठी दिले हे करारात नसेल तर ते पाच वर्षे धरले जातात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. आणि हक्क घेऊन प्रकाशकाने वर्षभरात ते वापरले नाहीत, तर करारात वेगळे काही लिहिलेले नसल्यास ते संपतात. म्हणून ‘सर्व हक्क कायमचे’ असे वाक्य दिसले तर थांबा. आवृत्तीची संख्या, मानधनाचा टक्का, हिशेब वर्षातून कधी मिळणार, आवृत्ती संपल्यावर किती महिन्यांत पुन्हा काढणार नाहीतर हक्क परत, हे चार मुद्दे लिहून घ्या. जुन्या करप्रणालीतल्या लेखकाला १९६१च्या प्राप्तिकर कायद्याच्या ८०-क्यूक्यूबी कलमाखाली साहित्यिक, कलाविषयक वा शास्त्रीय पुस्तकाच्या मानधनावर तीन लाखांपर्यंत वजावट होती. मात्र शालेय पाठ्यपुस्तके आणि गाइड तिच्यात बसत नसत. आपल्या वर्षाला काय लागू आहे ते सनदी लेखापालाला विचारून घ्या.

ग्रंथालयांकडून फार मोठी अपेक्षा ठेवू नका, पण त्यांना वगळूही नका. महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये अकरा हजारांच्या आसपास आहेत. त्यांतली बहुतेक ‘क’ आणि ‘ड’ वर्गातली, तुटपुंज्या अनुदानावर चालणारी आणि कथा-कादंबऱ्यांचा वाचक सांभाळणारी. ग्रंथालय संचालनालयाच्या आणि राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या निवडीसाठी पुस्तक जरूर पाठवा. निवड झाली तर एकदम मोठी मागणी येते, पण निवड होईलच असे धरून आधी प्रती छापू नका. जिल्हा ग्रंथोत्सवात टेबल मिळाले तर स्वतः बसा. तुमच्या विषयाचा प्रश्न घेऊन आलेल्या माणसाला तिथल्या तिथे उत्तर दिलेत की तो पुस्तक घेतोच.

पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत एकेक प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचे कॉनेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना पाठवणे १९५४च्या कायद्याने प्रकाशकावर बंधनकारक आहे. प्रकाशक तुम्ही स्वतः असाल तर ती जबाबदारी तुमची. बाकीच्या वाचकांना टपालाने पाठवायची तर १ मे २०२५ पासून सुरू झालेल्या ‘ज्ञान पोस्ट’ची चौकशी पेण किंवा रोह्याच्या टपाल कार्यालयात करा. ३०० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर, अशा दराने ती सुरू झाली आणि पाकीट कुठे पोचले हेही कळते. ३०० ग्रॅमच्या आत पुस्तक बसले तर टपालखर्च एकदम उतरतो, म्हणून कागदाची जाडी ठरवतानाच एक कोरी डमी बांधून वजन करून घ्या.

वेळही पाहा. महाविद्यालयाचे पुस्तक जूनच्या आधी तयार हवे. दिवाळीनंतर निघाले तर वर्ष वाया. मूर्तिकामाचे पुस्तक मात्र श्रावणात काढू नका, तेव्हा कारखान्यात मान वर करायला कोणाला वेळ नसतो. ते गणपती गेल्यावर, हात मोकळे झाल्यावर, पुढच्या हंगामाची माती यायच्या आत लोकांपर्यंत पोचवा. पहिल्या वर्षी वाचकांनी दाखवलेल्या चुका आणि विचारलेले प्रश्न एका प्रतीत समासात टिपत राहा. पुढच्या पन्नास प्रती त्या दुरुस्त्या घालूनच छापायला द्या, आणि मागच्या पानावर दुरुस्तीचे वर्ष छापा.